नानांचे जासूद कोणाचे होते?

मळवली स्टेशनावर लोकलमधून उतरलं की दक्षिणेला लोहगड आणि विसापूर ही जोडी समोर उभी असते. भाजे गाव मागे टाकून गायमुख खिंडीत पोचलं की उजव्या हाताला लोहगड, डाव्या हाताला विसापूर. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी इथे पाय ठेवायला जागा नसते. २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत लोहगड आल्यापासून ही गर्दी आणखी वाढली आहे. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा ओलांडून माणसं विंचूकाट्याकडे धाव घेतात. माथ्यावरच्या सोळा कोनांच्या मोठ्या तळ्यापाशी मात्र फारसं कोणी रेंगाळत नाही. गडावरच्या एका पाणवठ्याच्या बांधकामात शिलालेख आहे. त्यात शके १७११, म्हणजे इ.स. १७८९, हे साल आहे आणि त्यातली दोन नावं इथे महत्त्वाची आहेत. एक बाळाजी जनार्दन फडणीस, म्हणजे आपले नाना फडणवीस. दुसरं धोंडो बल्लाळ नित्सुरे, नानांच्या वतीने गड सांभाळणारा माणूस.

या दुसऱ्या नावापाशी थांबायला हवं. गड पेशव्यांच्या राज्याचा, पण धोंडोपंत नित्सुरे नानांच्या विश्वासातले. दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई येत आहे असं दिसू लागल्यावर नानांनी आपला खजिना याच गडावर, याच माणसाच्या हवाली केला. १३ मार्च १८०० रोजी नाना वारले. त्यांच्या मागे राहिलेल्या अल्पवयीन पत्नी जिऊबाई पुढे लोहगडाच्या आश्रयाला आल्या आणि धोंडोपंतांनी पेशव्यांना गड दिला नाही. दिवंगत मालकाच्या विधवेला दगा होऊ नये म्हणून एक इमानी माणूस राज्याच्याच धन्याविरुद्ध दरवाजे लावून बसला. अखेर जनरल वेलस्लीने मध्यस्थी केली आणि इंग्रजांच्या संरक्षणाखाली जिऊबाई आणि धोंडोपंत गडावरून उतरले. धोंडोपंतांच्या इमानाबद्दल मला आदरच वाटतो. पण त्यांचं इमान राज्याशी नव्हतं, एका माणसाशी होतं. तो माणूस गेल्यावर राज्याचा एक बळकट किल्ला राज्याच्याच हाती राहिला नाही.

किल्ला निदान डोळ्यांना दिसतो. नानांनी उभारलेली आणखी एक गोष्ट अशीच त्यांच्या एकट्याच्या मालकीची होती आणि ती दिसत नव्हती. ती म्हणजे त्यांचं बातम्यांचं जाळं.

पेशवाईत बातमी आणण्याची रीत ठरलेली होती. प्रत्येक मोठ्या दरबारात पुण्याचा वकील बसे. दिल्लीत हिंगणे घराणं, हैदराबादला निजामाकडे गोविंदराव काळे, कलकत्त्याला इंग्रजांकडे लाला सेवकराम. दरबारात कोण आलं, कोणाला वस्त्रं मिळाली, कोणाची भेट नाकारली, कोणत्या पलटणीचा पगार थकला, अशा बारीकसारीक गोष्टी वकील लिहून पाठवी. पत्र घेऊन जासूदजोडी निघे. दोन धावपटू बरोबर निघत. वाटेत एकाला काही झालं तर दुसरा पुढे जाई. वकिलाच्या पत्राखेरीज अखबार येत, सावकारांच्या हुंड्यांबरोबर त्यांच्या पेढ्यांची पत्रं येत, यात्रेकरू आणि बैरागी येत. नानांची खरी हुशारी या सगळ्याची ताडून पाहणी करण्यात होती. वकिलाने लिहिलेलं सावकाराच्या पत्राशी जुळतं का, इंग्रज वकील मॅलेट पुण्यात जे बोलतो ते कलकत्त्याहून आलेल्या बातमीत बसतं का, हे ते स्वतः पाहत. मेणवलीच्या वाड्यातून उजेडात आलेलं त्यांचं दफ्तर या कामाची साक्ष आहे. १७९५च्या मार्चमध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला. त्या विजयामागे गोविंदराव काळ्यांनी हैदराबादहून वर्षानुवर्षं पाठवलेल्या खबरांचा वाटा मोठा होता.

आपल्याकडे नानांच्या हेरखात्याच्या गोष्टी इथेच थांबतात. मराठी वाचकाला तीक्ष्ण बुद्धीचं कौतुक असतं आणि ते असावंही. पण याच जाळ्याची दुसरी बाजू पाहिली नाही तर गुप्तचर यंत्रणांवरच्या देखरेखीचा आजचा प्रश्न समजत नाही.

बातमी मिळणं आणि बातमीवर हालचाल होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. ग्रँट डफने लिहून ठेवलं आहे की गारद्यांमध्ये काहीतरी शिजतं आहे याची कुणकुण त्याच दिवशी नारायणरावांना लागली होती आणि बंदोबस्त करायला त्यांनी सरदार हरिपंत फडक्यांना सांगितलंही होतं. हरिपंत आधी जेवायला गेले. ते परत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. सूचना आली, योग्य माणसापर्यंत पोचली आणि तिथेच अडली. पुढे आपण २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबईकडे येऊ, तेव्हा ही दुपार वाचकाने आठवावी.

दुसरी गोष्ट घाशीराम कोतवालाची. विजय तेंडुलकरांच्या १९७२ सालच्या नाटकामुळे त्याचं नाव घरोघरी पोचलं, पण इतिहासातला घाशीराम सावळदास समजून घ्यायला त्या नाटकाच्या बाहेरही पाहावं लागतं. १७७७ ते १७९१ तो पुण्याचा कोतवाल होता. शहरात कोण येतं, कोण जातं, रात्री रस्त्यावर कोण फिरतं, यावर नजर ठेवणं हे कोतवालीचं कामच होतं. नारायणरावांचे चुलते रघुनाथराव यांच्या पक्षाचा धसका घेतलेल्या कारभारात या कामाला फार महत्त्व आलं. कोतवालाच्या वर फक्त नाना होते. तक्रार न्यायची तर नानांकडेच, आणि नानांना कोतवाल हवा होता. ऑगस्ट १७९१मध्ये त्याच्या कोठडीत कोंडलेल्या परदेशी ब्राह्मणांपैकी अनेक जण गुदमरून मेले, तेव्हा शहर उठलं. नानांना त्याला लोकांच्या हवाली करावं लागलं आणि जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारलं. चौदा वर्षं ज्याला कोणी काही विचारलं नाही, त्याचा निकाल एका दिवसात रस्त्यावर लागला. मधल्या काळात विचारणारं कोणीतरी हवं होतं. माझ्या मते या प्रसंगाचं मर्म हेच आहे.

आणि तिसरी गोष्ट खुद्द नानांची. ३१ डिसेंबर १७९७ रोजी ते दौलतराव शिंद्यांच्या छावणीत भेटीला गेले आणि कैद झाले. शिंद्यांचा युरोपियन सरदार मायकेल फिलोज याने त्यांच्या सुरक्षिततेचा शब्द दिला होता. हिंदुस्थानभरच्या दरबारांतली कुजबुज ज्यांच्या कानी येई, त्यांना पुण्याजवळच्या छावणीतला कट कळला नाही. सगळं बळ एकाच माणसाच्या अंदाजावर उभं असेल तर तो अंदाज चुकण्याची एकच वेळ पुरेशी असते.

नाना गेले आणि जाळंही गेलं. त्यासाठी वेगळं खातं नव्हतं, ठरलेला वारस नव्हता, पैशाला सरकारी तरतूद नव्हती. जासूद नानांचे होते, राज्याचे नव्हते. अठरा वर्षांच्या आत चित्र पालटलं. १८११मध्ये पुण्यात रेसिडेंट म्हणून आलेल्या एल्फिन्स्टनने बाळाजीपंत नातूंसारख्या माणसांच्या मदतीने पेशव्यांच्याच दरबारात आपलं जाळं विणलं. नोव्हेंबर १८१७मध्ये खडकीची लढाई होण्याआधी बाजीरावांच्या तयारीची खडान्खडा माहिती त्याच्यापाशी होती. मार्च १८१८च्या पहिल्या आठवड्यात कर्नल प्रॉथरची फौज लोहगड-विसापूरपाशी आली. विसापूर पडला आणि लोहगडाच्या शिबंदीने गड न लढवता सोडला.

इंग्रजांनी मात्र हेरखातं माणसावर सोडलं नाही, ते दफ्तरात बसवलं. २३ डिसेंबर १८८७ला सेंट्रल स्पेशल ब्रँच स्थापन झाली. आजची इंटेलिजन्स ब्युरो, म्हणजे आयबी, हिचीच वारस. काँग्रेसची स्थापना होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती, हा योगायोग नव्हे. या खात्याचं पहिलं काम परकीय शत्रूवर नजर ठेवण्याचं नव्हतं. देशातल्या लोकांच्या सभा, वर्तमानपत्रं आणि मेळे यांवर ठेवण्याचं होतं. मुंबई सरकारच्या गुप्त पोलीस नोंदींतले उतारे स्वातंत्र्यानंतर ग्रंथरूपाने छापले गेले. त्यांत टिळकांची भाषणं, गणेशोत्सव, नाटकं, कीर्तनं अशा कशाकशावर पोलिसांचा कान होता ते दिसतं. खातं दफ्तरात बसलं खरं, पण त्याला कायदा नव्हता. ते सरकारी आदेशाने जन्मलं होतं आणि सरकारलाच जबाबदार होतं.

स्वातंत्र्यानंतर बाकी सगळं बदललं, हे बदललं नाही. १९६२ आणि १९६५च्या युद्धांनंतर परदेशातील हेरगिरीसाठी वेगळी संस्था हवी असं ठरलं आणि २१ सप्टेंबर १९६८ रोजी रामेश्वरनाथ काव यांच्या नेतृत्वाखाली रॉ उभी राहिली. ते काम तोवर गृहखात्याच्या आयबीकडे होतं आणि गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण. नवी संस्था मंत्रिमंडळ सचिवालयाखाली, म्हणजे थेट पंतप्रधानांच्या हाताखाली गेली. तीही कार्यकारी आदेशाने. आजही आयबी किंवा रॉ यांनी काय करावं, काय करू नये, त्यांच्या चुकीची चौकशी कोणी करावी, हे सांगणारा कायदा आपल्या संसदेने केलेला नाही. गुप्तचर संस्थांबद्दल एक कायदा मात्र आहे, १९८५चा. त्यात या संस्थांतल्या कर्मचाऱ्यांनी संघटना करू नये, वर्तमानपत्रांशी बोलू नये असे निर्बंध आहेत. म्हणजे शिपायाने काय करू नये ते कायद्यात लिहिलं आहे, संस्थेने काय करू नये ते कुठेच लिहिलेलं नाही. माहिती अधिकाराच्या २००५च्या कायद्यानेही या संस्थांना भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे विषय सोडून बाहेर ठेवलं.

अमेरिकेत नानांसारखाच एक माणूस होता. जे. एडगर हूव्हर १९२४ ते १९७२, सलग ४८ वर्षं, एफबीआयचा प्रमुख राहिला. राजकारण्यांच्या खासगी गोष्टींच्या फायली त्याच्याकडे असत आणि राष्ट्राध्यक्षही त्याला हात लावायला कचरत. तो गेल्यावर सिनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९७५-७६मध्ये सगळं बाहेर काढलं. मार्टिन ल्यूथर किंग यांना खच्ची करण्यासाठी एफबीआयने पाठवलेलं निनावी पत्र त्यातलंच. मग सिनेट आणि हाउस या दोन्ही सभागृहांच्या कायम गुप्तचर समित्या आल्या, १९७८मध्ये पाळतीसाठी न्यायालयाची परवानगी घेण्याचा कायदा आला आणि एफबीआयच्या प्रमुखाला दहा वर्षांची मुदत ठरली. कॅनडात तर पोलिसांच्या सुरक्षा शाखेने १९७२मध्ये क्वेबेकमध्ये एक गोठा जाळला, कागद चोरले, आणि मॅक्डोनाल्ड आयोगाने ते उघड केलं. १९८४मध्ये तिथे ही शाखा पोलिसांकडून काढून कायद्याने नवी नागरी संस्था स्थापन झाली. ब्रिटनमध्ये अंतर्गत सुरक्षा संस्थेला १९८९मध्ये आणि परदेशी हेरखात्याला १९९४मध्ये कायदा मिळाला. त्याआधी दीर्घकाळ तिथलं सरकार या संस्था आहेत हेही उघडपणे कबूल करत नव्हतं. कायदा झाल्यावर यांतली एकही संस्था दुबळी झाली नाही, हे आपल्याकडे वारंवार सांगावं लागतं.

भारतात प्रयत्न झाले नाहीत असं नाही. आणीबाणीनंतर शहा आयोगाने आयबीच्या गैरवापरावर बोट ठेवलं आणि त्यापाठोपाठ एल. पी. सिंग समिती नेमली गेली, पण त्यातून कायदा झाला नाही. १२ मार्च १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर गृहमंत्री शंकरराव चव्हाण यांनी गृहसचिव वोहरा यांची समिती नेमली. गुन्हेगारी टोळ्या, राजकारणी आणि सरकारी माणसं यांच्या साट्यालोट्याची माहिती वेगवेगळ्या खात्यांकडे तुकड्यातुकड्यांनी पडून आहे, ती कोणी एकत्र करत नाही, हे त्या समितीने लिहिलं. कारगिलनंतर सुब्रह्मण्यम समितीनेही जवळजवळ तेच सांगितलं आणि तिच्या छापील अहवालातून गुप्तचर खात्यांबद्दलचा भाग वगळला गेला. जानेवारी २०१०मध्ये उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी काव स्मृती व्याख्यानात संसदेची देखरेख हवी असं स्पष्ट म्हटलं. रॉच्याच संस्थापकाच्या नावाच्या व्याख्यानात हे म्हटलं गेलं, याला माझ्या लेखी मोल आहे. २०११मध्ये मनीष तिवारी यांनी खासगी विधेयक आणलं, ते पुढे गेलं नाही. २०१६मध्ये याच मागणीची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

आता आपल्या दारातल्या दोन प्रसंगांकडे वळू.

२६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात १६६ माणसं गेली. ३० डिसेंबरला महाराष्ट्र सरकारने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि रॉचे माजी विशेष सचिव, महाराष्ट्र केडरचे वप्पाला बालचंद्रन यांची दोनसदस्यीय समिती नेमली. चार महिन्यांत अहवाल आला. २००६च्या ऑगस्टपासून केंद्राकडून मुंबईबाबत इशाऱ्यांवर इशारे येत होते. दहशतवादी समुद्रमार्गे येतील, एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ला करतील, मोठी हॉटेलं लक्ष्य असतील, असं त्यांत होतं. ताज हॉटेलशी पोलिसांचं बोलणं झालं, काही काळ बंदोबस्त वाढला, मग तो सैल पडला. कागद मंत्रालयात, पोलीस महासंचालकांच्या कार्यालयात आणि मुंबई पोलिसांत फिरत राहिले, आणि सगळे इशारे एकत्र मांडून ‘आता हे करा’ असं सांगणारं टेबल कुठेच नव्हतं. हरिपंत फडके निदान एकटे होते. इथे सगळी व्यवस्थाच जेवायला गेली होती.

पण या अहवालातली सर्वांत बोलकी गोष्ट त्याची मर्यादा आहे. समिती राज्य सरकारने नेमलेली. तिला दिल्लीच्या संस्थांना प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता. केंद्रीय यंत्रणांना काय माहीत होतं, कधी माहीत होतं, त्यांनी ते कोणत्या शब्दांत खाली कळवलं, हे ती तपासू शकली नाही. अमेरिकेत ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर जसा राष्ट्रीय आयोग बसला तसा आपल्याकडे केंद्राने बसवलाच नाही. एनआयए ही राष्ट्रीय तपास संस्था आली, आयबीतलं माहिती वाटपाचं केंद्र नव्याने कामाला लागलं, सरकारी माहितीसाठे जोडणारी नॅटग्रिड आली, किनाऱ्यावर नवी पोलीस ठाणी आली. चौकशीविना सुधारणा, अशी ही रीत. आणि राज्यात? आमदारांपुढे आधी फक्त कृती अहवाल ठेवला गेला, मूळ अहवाल नंतर. ज्या सभागृहाने पोलिसांचा खर्च मंजूर करायचा, त्यालाच पोलीस कुठे कमी पडले हे शेवटी कळलं.

दुसरा प्रसंग फोन टॅपिंगचा. फेब्रुवारी २०२२मध्ये पुण्याच्या बंडगार्डन पोलीस ठाण्यात आणि पुढच्याच महिन्यात मुंबईत कुलाब्याला गुन्हे दाखल झाले. आरोप असा की काही वर्षांपूर्वी राजकीय नेत्यांचे फोन खोट्या नावांनी आणि भलत्या कारणांनी परवानगी काढून ऐकले गेले. काही महिन्यांत राज्यातलं सरकार बदललं. पुण्याच्या प्रकरणात पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल दिला, मुंबईच्या प्रकरणात खटल्याला सरकारने मंजुरी दिली नाही, आणि सप्टेंबर २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण मिटलं. पण परवानगीचा कागद ज्या टेबलांवरून गेला तिथे कोणी काय पाहिलं, हे आपल्याला कळलं नाही. एका सरकारच्या काळात गुन्हा नोंदला गेला, दुसऱ्याच्या काळात तो मिटला. ज्यांचे फोन ऐकल्याचा आरोप होता त्यांना त्रयस्थ उत्तर मिळालं नाही. ज्यांच्यावर आरोप झाला त्यांनाही ‘आम्ही सगळं तपासलं, यांचं काही चुकलेलं नाही’ असं सांगणारी स्वतंत्र संस्था मिळाली नाही. देखरेख नसण्याचा तोटा अधिकाऱ्यालाही होतो, हे अधिकारी मंडळींनी लक्षात घ्यावं.

फोन ऐकण्याचे नियम तसे आहेत. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल खटल्यात ते घालून दिले आणि नंतर ते सरकारी नियमांत आले. गृहसचिवाचा आदेश लागतो, तो साठ दिवस चालतो, वाढवत वाढवत १८० दिवसांपलीकडे जात नाही, आणि आढावा समितीने दर दोन महिन्यांनी सगळे आदेश तपासायचे असतात. कागदावर हे ठीक दिसतं. पण माहिती अधिकाराखाली केंद्राने दिलेला आकडा पाहा. एकट्या केंद्राकडून महिन्याला साडेसात ते नऊ हजार आदेश निघत होते. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८च्या अहवालात याचा हिशेब मांडला. दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या समितीपुढे एका बैठकीत पंधरा ते अठरा हजार आदेश येतात. मुंबईच्या दंगलींची चौकशी ज्यांनी इतक्या चिकाटीने केली त्या न्यायमूर्तींनी हे काम या पद्धतीने होणं अशक्य आहे असं सांगावं, आणि गुप्तचर संस्थांसाठी संसदेने देखरेखीचा कायदा करावा असं सुचवावं, याहून वजनदार साक्ष कोणती हवी? पाच वर्षांनी, २०२३मध्ये, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात सरकार ठरवेल त्या सरकारी संस्थांना सूट आहे.

देखरेखीइतकाच प्रश्न कारभाराचा आहे, आणि तो समजायला पुन्हा लोहगडाच्या परिसरात, मावळात यावं. चैत्रात कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरा आईची यात्रा भरते. कोकणातून, मुंबईतून कोळी-आगरी बांधव पालख्या घेऊन येतात. त्या गर्दीत साध्या कपड्यांत एक पोलीस असतो, ठाण्यातला गोपनीयचा अंमलदार. कोणत्या गावची पालखी किती वाजता येते, मान कोणाचा यावरून मागच्या वर्षी कुठे ताणाताणी झाली होती, पार्किंगवरून गावकरी किती चिडलेत, हे त्याला ठाऊक असावं लागतं. ते तो लिहितो, कागद जिल्हा विशेष शाखेकडे जातो, तिथून राज्य गुप्तवार्ता विभागाकडे. देशाच्या सुरक्षेची पहिली पायरी अशी साधी असते. चहाच्या टपरीवर बसून ऐकणं आणि ऐकलेलं खरं लिहिणं. हा माणूस चांगला असेल तर वरच्या साहेबाला आधी कळतं. पण त्याला बंदोबस्तालाही उभं करतात, समन्स बजावायलाही पाठवतात, आणि वर्षा-दोन वर्षांनी बदली होते. पोलीस खात्यात गुप्तवार्ता विभागाची नेमणूक म्हणजे ‘साइड पोस्टिंग’ असं सर्रास बोललं जातं. २६/११नंतर महाराष्ट्राने सहायक गुप्तवार्ता अधिकाऱ्यांची स्वतंत्र भरती सुरू केली, पुण्यात त्यांच्या प्रशिक्षणाची प्रबोधिनी उभी केली. हे पाऊल योग्य होतं. त्या माणसांना त्याच कामात बढती, मान आणि वीस वर्षांचा अनुभव मिळाला तरच त्याचा उपयोग.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आमदार-खासदारांना गुपितं सांगितली तर ती फुटतील. आक्षेप खोटा नाही, पण देखरेख म्हणजे चालू मोहिमांची नावं मागणं नव्हे. ब्रिटनच्या संसदीय समितीचे सदस्य गोपनीयतेच्या कायद्याने बांधलेले असतात. तिचा अहवाल पंतप्रधानांकडे आधी जातो, संवेदनशील भाग झाकून मग छापला जातो. २०१६च्या कायद्यानंतर तिथे मंत्र्याने सही केलेला पाळतीचा आदेश न्यायमूर्तीच्या सहीखेरीज चालत नाही. समिती विचारते ते असं: पैसा कशावर गेला, किती आदेश निघाले, किती चुकले, कोणत्या इशाऱ्याचं काय झालं. या उत्तरांनी शत्रूला काही मिळत नाही.

दिल्लीचा कायदा कधी होईल ते दिल्ली ठरवेल. पण पोलीस हा राज्याचा विषय आहे आणि राज्य गुप्तवार्ता विभाग महाराष्ट्राचा आहे. त्याच्यासाठी विधिमंडळ आजही कायदा करू शकतं. त्यात विभागाचं काम काय, राजकीय पक्षांवर नजर ठेवणं त्यात बसतं की नाही, प्रमुखाची मुदत किती, त्याला मधेच हलवायचं तर कारण कोणाला सांगायचं, हे लिहिता येईल. विरोधी पक्षाच्या सदस्यांसह गोपनीयतेची शपथ घेतलेली एक लहान समिती नेमता येईल. केंद्राकडून आलेल्या प्रत्येक इशाऱ्यावर कोणी, कधी, काय केलं याची नोंदवही ठेवून ती वर्षाला एकदा या समितीपुढे ठेवण्याची सक्ती करता येईल. फोनच्या आदेशांच्या तपासणीचं काम तर सर्वांत आधी हाती घ्यावं. राज्याच्या आढावा समितीत आज मुख्य सचिव, विधी सचिव आणि गृहखात्याबाहेरचे एक सचिव असे तिघं बसतात. आदेश काढणारे गृहसचिव ज्या सरकारचे नोकर, तपासणारे हे तिघंही त्याच सरकारचे. निवृत्त न्यायमूर्तीसाठी तिथे एक खुर्ची वाढवावी, यासाठी केंद्राने नियम बदलावा असा ठराव विधानसभेला एका दुपारच्या चर्चेत करता येईल, आणि गृहखात्याच्या मागण्यांवरची चर्चा तर दर अर्थसंकल्पी अधिवेशनात असतेच.